वाचले, समजले, सही

आदरणीय अध्यक्ष बापूसाहेब, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती श्रीरंगराव, शरयूवहिनी, आणि गढ्यापासून सदरपर्यंतच्या वस्त्यांतून सायकली दामटत या वाचनालयात आलेल्या बंधुभगिनींनो,

सर्वप्रथम एक गंभीर तक्रार नोंदवतो. मला चहा मिळालेला नाही. निमंत्रणपत्रिकेच्या तळाशी छापलं होतं, 'येताना आपापला पेला आणावा.' आपण साठेक जण आलो. पेला एकट्या श्रीरंगरावांनी आणला. म्हणजे या सभागृहात चहा प्यायलेला माणूस एकच, आणि पत्रिका शेवटपर्यंत वाचलेलाही एकच.

हसा. तोफगोळ्यांच्या कारखान्यात आम्हीही असेच हसायचो.

बाहेरच्या पाहुण्यांसाठी सांगतो. आमच्याकडे प्रत्येक परिपत्रक रजिस्टरात चिकटवून फिरवतात. खाली 'वाचले, समजले' लिहून सही करायची. आम्ही ती चालता चालता करायचो. श्रीरंगराव मात्र रजिस्टर घेऊन बसत, चष्मा पुसत. मग तिकडून पुंडलिक ओरडायचा, "काहून हो श्रीरंगभाऊ, म्याट्रिकला बसून राहिले का? चलो, जल्दी करो!"

पुंडलिक आज तिसऱ्या रांगेत बसला आहे. मी बोलायला उठलो तेव्हा त्याने टाळ्या वाजवल्या नाहीत, हे आपल्या लक्षात आलं असेल. का, ते सांगतो.

एकाहत्तरचा डिसेंबर. लढाई चालू, बारा तासांची पाळी. धातू साच्यात दाबणाऱ्या नव्या प्रेसचं इंग्रजी परिपत्रक आलं. मी चार्जमन, म्हणजे पाळीचा प्रमुख. मी सही केली, माझ्यामागे एकोणीस जणांनी केली. श्रीरंगरावांनी केली नाही. माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "साहेब, मागचं पान बघता का? वीज बंद केली तरी ही प्रेस एकदा खाली येते म्हणे. तोवर साच्यात हात घालायचा नाही."

मी काय म्हणालो? "तिकडे पोरं लढताहेत आणि तुमची पारायणं चालली आहेत!" सगळे हसले. त्या हशाने मला चेव आला. त्यांच्या डब्याजवळ पुस्तक होतं, तेही उचलून माझ्या कपाटात कुलपात टाकलं. शिवाय त्यांच्या फायलीत शेरा लिहिला, 'कामाच्या वेळी वाचन करतात.'

दुपारी पुंडलिकने वीज बंद केली आणि साचा पुसायला हात घातला.

दोन बोटं गेली. चौकशीत त्याला विचारलं, "ही सही तुझीच ना?" सही त्याचीच होती. चूकही मग त्याचीच ठरली. मी तिथेच उभा होतो. गप्प उभा होतो. त्यांनी सांगूनही मीच ऐकलं नाही, हे श्रीरंगरावांनी तरी सांगावं? त्यांना कुणी बोलावलंच नाही. त्यांनी सही केली नव्हती ना! पुढे त्या शेऱ्याने त्यांची बढती अडली.

मंडळी, वाचनाचे फायदे सांगायला मला उभं केलं आहे. मला एवढंच ठाऊक आहे की त्या पानाचा मागचा भाग वाचायला चार मिनिटं लागतात. मी नंतर घड्याळ लावून पाहिलं.

आज सकाळी हे सगळं अर्जात लिहून कार्यालयात दिलं. चौकशी चुकली, शेरा खोटा, दोष माझा. तिथल्या कारकून बाबूजींनी न वाचताच पोचेची सही ठोकली. म्हणून इथे मोठ्याने बोललो. कानांना तरी मागचं पान नसतं.

संयोजकांचे आभार. भाषण लांबलं, जीभ घसरली, त्याबद्दल क्षमा असावी. बाकीची क्षमा सभेकडे मागण्यासारखी नाही. तिच्यासाठी मी तिसऱ्या रांगेपर्यंत चालत जाईन.

त्याआधी एक काम. कुंदाताई, ग्रंथपाल म्हणून आपण त्या पाटीवर 'पुस्तक परत न करणारे' लिहिता. दोन वर्षं तिथे पहिलं नाव श्रीरंगरावांचं आहे. त्यांनी कधी कुणाला कारण सांगितलं नाही. हे घ्या ते पुस्तक. त्यांची खूण आहे तिथेच आहे.

नाव पुसायला फडकं मिळेल का? नको, राहू द्या. माझा रुमाल आहे.