कोंडावरची शाबासकी

ऐका. पण आधी हसून घ्या, कारण मी काय करून ठेवलंय ते कळलं की हसणारच आहात. आज आजीची तिथी. सकाळी फोटोला हार घालायचे होते. वत्सलाताईनं तिचा घातला आणि ती पाणी आणायला वळली. मी काय करावं? तिचा हार हळूच मागं सरकवला आणि माझा पुढं आणला. केसांना मेंदी लावायची वेळ आली माझी! आणि फोटोतल्या आजीपुढं मला पहिला नंबर हवाय.

हसलात? बरं झालं. आता लाइट गेलीच आहे तर सरका जवळ. हा रोग आमच्या घरातच आहे, आम्हा तिन्ही बहिणींना. ह्याच रोगानं आमच्या कुसुमताईला एकदा मरणाच्या दारात नेलं. ही काय, बसलीये समोर. कुसुमताई, मध्ये बोलायचं नाही हं. बोललीस की मी गोष्ट तुझ्याकडे देऊन झोपायला जाईन.

तर आजी गेली. माणसांशी तिचं बोलणं म्हणजे ओरडणं. "भवाने, पदर सावर!" "भवाने, भाकरी करपली!" सकाळी गोठ्यात म्हशीशी तेवढी तासभर गप्पा मारायची. अशी बाई. आणि तरी ती गेली तेव्हा कुसुमताईला घास उतरेना. सासरहून धावत आली होती, पण आजीचे डोळे मिटल्यावर पोचली. वत्सलाताई मात्र उशाशी होती. शेवटचं पाणी तिनं घातलं. झालं! तिथंच पहिली ठिणगी.

मग दहावा. पऱ्यावर, म्हणजे खालच्या ओढ्यावर, त्या खोल कोंडाच्या, डोहाच्या काठाला पिंड ठेवला. कावळा काही शिवेना. काका म्हणाले, "आये, म्हशीला बघतो." नाही. काकी म्हणाली, "देवाचं सगळं करते." नाही. कुसुमताईनं हात जोडले, "आजी, मी आले गं. बघ ना, मी आले." कावळा आपला फांदीवर चोच घासतोय. आणि मग वत्सलाताई पुढं झाली. ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटली. आणि झप्प! आला की कावळा खाली!

सगळे म्हणाले, गोधडीचं बोलली असणार. आजीची गोधडी वत्सलाताईला दिली होती ना, ती जपीन म्हणाली असेल. कुसुमताईच्या अंगाची लाही लाही. मेल्यावरसुद्धा तिचंच ऐकलंस?

रात्री सगळी निजली. मीही पडवीत घोरत होते, मला काय विचारता! आणि ही बाई उठली. चूल पेटवली. तांदळाची भाकरी थापली, जवळ्याची चटणी केली. आजीचा जीव त्या चटणीवर. फडक्यात बांधली, कंदील घेतला आणि निघाली कोंडावर. कशाला? तर आपल्या हातचं आजी घेते का बघायला!

अगं पण रात्री कावळा कुठला? हे तिच्या डोक्यातच आलं नाही. जळणाऱ्या माणसाला कुठं दिसतं दिवस की रात्र?

पाखाडीच्या दगडी पायऱ्या उतरली. फणसापाशी आली. आणि मिसरीचा वास आला. आजीच्या मिसरीचा. तोच. कुसुमताई थांबली. मागं काठी वाजली. ठक. ठक. ही चालली की वाजते, ही थांबली की थांबते.

आता आजीनंच आम्हाला शिकवलेलं काय? रात्री कुणी हाक मारली तर तीन हाका होईपर्यंत ओ द्यायची नाही. माणूस तीनदा हाक मारतं. ते दुसरं एकदाच मारतं. कुसुमताईला पक्कं ठाऊक. तोंड घट्ट मिटून ती चालत राहिली.

आणि हाक आली. आजीचा आवाज.

"वत्सले!"

संपलं! तिच्या नावानं आली असती तर तिनं जीभ चावून धरली असती हो. पण वत्सले? हिच्या हातात गरम भाकरी आणि हाक वत्सलेला? ही गर्रकन वळली. "वत्सला नाही! मी आहे मी! कुसुम!"

दिली ओ. पहिल्याच हाकेला. आणि दुसऱ्याच्या नावाला!

काठी वाजायची थांबली. कंदिलाची वात निळी झाली. कुसुमताई भराभर चालायला लागली, तर समोर फणस. गेली पुढं. पुन्हा फणस. डावीकडं वळली, गडग्याची दगडी भिंत ओलांडली, पायाला काटे लागले, वर बघते तर फणस! चकवा, दुसरं काय. रडायला आलं तिला. आणि तेवढ्यात पाण्याचा आवाज. समोर कोंड.

कोंडातल्या खडकावर कुणीतरी बसलेलं. पाठमोरं. डोक्यावरून पदर. हिच्या हातातलं फडकं रिकामं, आणि तिकडं भाकरी मोडल्याचा आवाज.

"हात गोड हो तुझा," आजीचा आवाज म्हणाला. "वत्सलेच्या भाकरीला ही चव नाही."

कुसुमताईची भीती कुठल्या कुठं पळाली. उभ्या जन्मात हे ऐकलं नव्हतं! ती पाण्यात उतरली.

"खरंच आजी?"

"खरंच. गुणाची गं माझी पोर."

घोट्याएवढं पाणी.

"वत्सलेपेक्षा?"

"वत्सलेपेक्षा."

गुडघ्याएवढं पाणी.

"मग पाणी तिच्या हातचं का घेतलंस?"

"तू नव्हतीस म्हणून. तुझीच वाट बघत होते. ये, जवळ ये. किती देखणी दिसतेस!"

कमरेएवढं पाणी! कंदील विझला. आणि ही येडी म्हणते काय, "पुन्हा म्हण."

"देखणी गं माझी बाय. अशी पोर सात गावांत नाही."

आणि तिथं कुसुमताईच्या अंगावर सर्रकन काटा आला.

का? तर आमची आजी कुणाचंही तोंडावर कौतुक करायची नाही. कधीच नाही. तिची पहिली मुलगी होती, सोन्यासारखी. बारशाला सगळी वाडी म्हणाली, काय देखणी, काय देखणी. महिन्याच्या आत ती तापानं गेली. तेव्हापासून आजीनं तोंडावर कौतुक करणं सोडलं ते सोडलं. कुसुमताई शाळेत पळण्यात पहिली आली, तर आजी म्हणाली, "घरी केर काढायला एवढी पळ." आणि रात्री निजल्यावर हिच्यावरून मीठमिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. हिनं अर्धवट डोळ्यांनी पाहिलं होतं ते. मिरच्यांचा ठसकासुद्धा आला नाही, म्हणजे दृष्ट जबर लागलेली, म्हणून आजी चुलीपुढं बसून पदरानं डोळे पुसत होती.

ते आठवलं. आणि कळलं. हे दुसरंच कुणीतरी आहे.

"माझी आजी मला भवानी म्हणते!" कुसुमताई किंचाळली. "तू कोण गं मेले?"

खडकावरचं ते वळलं. तोंड काय होतं ते ती आजपर्यंत सांगत नाही. विचारू नका, मी विचारून थकले. त्यानं हिचा पदर धरला. थंडगार! ओढायला लागलं. छातीएवढं पाणी. पायाखाली काही नाही.

आणि वरून, साकवाच्या लाकडी पुलावरून हाक आली.

"कुसे!"

हिनं तोंड मिटलं. एकदा फसली होती ना!

"कुसे!"

नाकात पाणी गेलं. तरी गप्प!

"कुसेऽऽ! मेलीस का गं?"

तिसरी! "ओऽऽ!" अशी ओ दिली की पऱ्यापलीकडची कुत्री भुंकली. पदर टरकन फाटला. ही हातपाय मारत काठाला, आणि वत्सलाताईनं केसाला धरून वर ओढली. चुलीत निखारे दिसले, अंथरूण रिकामं दिसलं, म्हणून ती तशीच आली होती. खांद्यावर आजीची गोधडी. तीच हिच्याभोवती गुंडाळली आणि पाठीत एक दणका घातला.

घरी येऊन दोघी चुलीपुढं बसल्या. कुसुमताई दात वाजवत म्हणाली, "तूच लाडकी होतीस ना तिची. कावळासुद्धा तू गोधडीचं बोललीस तेव्हाच शिवला."

"गोधडीचं कोण बोललं?" वत्सलाताई म्हणाली. "मी म्हटलं, कुसीकडं बघेन. तेव्हा शिवला तो. आणि लाडकी कसली? जन्मभर माझ्यापुढं तुझंच. कुसुमची भाकरी बघ, कुसुमचा हात बघ. कान किटले माझे! वाटायचं, एकदा तुला कोंडात ढकलावी."

आणि कुसुमताई? हिच्यापुढं आयुष्यभर वत्सलेचं कौतुक चाललेलं ना! मग दोघी एकाच गोधडीत तोंड खुपसून रडल्या. आजी गेल्यावर त्या तेव्हा पहिल्यांदा रडल्या.

म्हणून सांगते, फणसाच्या वाटेनं रात्री कोंडावर जायचं नाही. गेलातच तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. आणि अंधारात कुणी गोड बोलायला लागलं, तर चपला हातात घेऊन पळायचं.

संपली गोष्ट. पण एक राहिलं. वत्सलाताई, अगं वाल सोलायचे थांबव जरा. कुसुमताईपुढं तुझं कौतुक, तुझ्यापुढं कुसुमताईचं. मग माझं कौतुक ती कुणापुढं करायची?

वत्सलाताईनं मानही वर केली नाही.

"म्हशीपुढं."