दादा बघतोय

परक्या देशातल्या करकचेरीत रांग मुंगीच्या पावलांनी सरकत होती. रांगेतला एक मराठी ट्रकवाला उभ्या उभ्या पेंगत होता. तेवढ्यात पुढच्या दोघी मराठीत बोलू लागल्या आणि त्याने कान टवकारले.

"वहिनी, दादा म्हणतो, सगळे राहिलेले रिटर्न एकदम भरलेस तर करखातं हात धुऊन मागे लागेल."

"लागू दे. इथे आल्यापासून तुझा दादा 'मी बघतो' म्हणतोय. एकदा तरी बघितलं का?"

"दंड बसेल."

"भरीन. शिलाई मशीन माझं, गिऱ्हाइकं माझी, मग दंडही माझाच."

"घरी महाभारत होईल."

"होऊ दे. तू भावाची वकिली करायला आलीस, की माझ्या सोबतीला?"

"दोन्हीला नाही," म्हणत नणंदेने पिशवीतून जाडजूड फाइल काढली. "माझेही रिटर्न दादाच बघतोय."