अप्पांनी मागितलेली रोटी

पंजाबी खायला जाऊ म्हणालात, म्हणून सांगतो. माझे वडील, अप्पा, तमिळनाडूत आमच्या गावी, कुंभकोणमच्या इस्पितळात होते. डॉक्टर म्हणाले, "आता मागतील ते द्या." त्याचा अर्थ मला कळला.

अप्पांना विचारलं, तर म्हणाले, "रोटी आणि पनीर." जन्मभर रसम-भात खाल्लेला माणूस! जागरणांनी पार थकलो होतो, तरी भर उन्हात हॉटेलं पालथी घालून गरम डबा आणला. घास पुढे केला, तर त्यांनी माझा हात माझ्याच तोंडाकडे वळवला.

"मला कुठलं जातंय आता? तुझ्या आवडीचं ना हे? माझ्या उशाशी नुसत्या इडल्यांवर बसलायस. जेव."

मी जेवायला लागलो. अप्पांनी डोळे मिटले. म्हणाले, "कसं लागतं, सांग."

रोट्या संपेपर्यंत सांगत होतो.