कोरड्या डोळ्यांचा बाप

भास्कर : विजया, तिला सांग, उणे चाळीस अंश तापमान पुस्तकात वाचणं वेगळं आणि त्यात जाऊन राहणं वेगळं.

विजया : ती तुमच्या समोरच बसलीय. तुरीचे दाणे सोलतेय. हळू बोललात तरी ऐकू जाईल.

मृणाल : आई, बाबांना सांग, मी वाचलेलं पुस्तक त्यांचंच होतं.

विजया : ऐकलंत?

भास्कर : मी काही ऐकलं नाही. माझं तिच्याशी बोलणं बंद आहे.

विजया : मग मी काय तुमच्या कादंबरीतला उपग्रह आहे? इकडचं तिकडे, तिकडचं इकडे. गेल्या रविवारपासून चाललंय. वरणाला मीठ कमी आहे हेसुद्धा लेकीला माझ्यामार्फत.

भास्कर : मीठ कमी होतंच. आणि तिला सांग, अंटार्क्टिका म्हणजे दमण नव्हे. सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येत नाही.

मृणाल : आई, बाबांना सांग, मला माहीत आहे. सव्वा वर्ष आहे. त्यात एक आख्खा हिवाळा, दोन महिने सूर्य उगवतच नाही असा. आपल्या देशाच्या तळावरचे जनरेटर सांभाळायचे. इलेक्ट्रिकलचा एकच माणूस घेतलाय त्यांनी आणि तो माणूस मी आहे. हे सगळं मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पेढे आणायच्या आधी.

विजया : पेढे मात्र वाटले हं तुझ्या बाबांनी. आख्ख्या सामरवरणीत. शेजारच्या हंसाबेनकडे तर दोनदा देऊन आले.

भास्कर : तेव्हा मला वाटलं, पास झाली.

मृणाल : पास झाल्यावर जायचं असतं, आई.

भास्कर : पास होणं हा सन्मान असतो. जायलाच हवं असं कुठे आहे?

मृणाल : अरुंधती गेली.

भास्कर : विजया, तिला सांग, अरुंधती हे पात्र आहे.

विजया : पात्राला आईबाप नव्हते का?

मृणाल : बाप होता ना. ‘घुमटाखालची पिढी’, प्रकरण दोन. अरुंधती चोवीस वर्षांची, मंगळावर कायमची निघालीय, परत येण्याची सोयच नाही. मी सत्तावीसची आहे आणि परत येणारेय. आई, बाप काय करतो तेव्हा, म्हणून दाखवू? ‘ज्या पित्याचे नेत्र त्या क्षणी कोरडे राहिले, त्याच्याच कुळात ग्रहांचे वारस जन्म घेतात!’

विजया : अजून पाठ आहे तुला?

मृणाल : विसरेन कशी? मराठी मंडळाच्या गणपतीत स्टेजवर म्हणायला लावलं होतं. पाचवीत होते. अंगाला तो पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागद.

विजया : मीच गुंडाळला होता. घामाने निथळत होती पोर, आणि हे पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवतायत.

भास्कर : तो उतारा वाचकांना आवडतो. परवा सुकदेवसुद्धा म्हणाला.

विजया : सुकदेवभाऊंचं नाव काढू नका. मंडळाचा अध्यक्ष माणूस, शिफ्ट संपवून तसाच हार घेऊन दारात आला. ‘सर, तुमनी पोर बरफमा जाई ऱ्हायनी, आमनी छाती फुगी गई!’ आणि सर कुठे? बाथरूममध्ये. तो बिचारा माझ्याच गळ्यात हार घालून गेला.

भास्कर : माझं पोट बिघडलं होतं.

विजया : दुधनीच्या तळ्यात बोटीत बसायची वेळ आली तेव्हाही पोट. दीवला बदली निघाली तेव्हाही पोट, वर डॉक्टरचा दाखला. सहा कादंबऱ्या लिहून अर्धी पृथ्वी उठवून मंगळावर नेलीत आणि स्वतःच्याने दीवला जाववलं नाही.

भास्कर : लेखक कल्पनेने प्रवास करतो.

विजया : हो, आणि येताना भाजीपण आणत नाही.

भास्कर : विषय बदलू नकोस. तिला विचार, खाणार काय तिथे?

मृणाल : आई, तिथे स्वयंपाकी असतो. डाळ-भात, फ्रोजन भाज्या, सगळं जहाजातून आधीच जातं. मंगळासारखं शेवाळाचं थालीपीठ नाही खावं लागत.

विजया : त्या थालीपिठाचं मी विचारलं होतं यांना. म्हटलं, शेवाळ उगवलंत ते ठीक, तेल कुठून आणलंत? तर म्हणाले, वाचक इतकं विचारत नाहीत.

भास्कर : नाहीच विचारत!

मृणाल : आई, आता एक महत्त्वाचं आहे. हे विचार बाबांना. आज सकाळी मोहिमेच्या गोव्याच्या ऑफिसमधून मला फोन आला. कामत मॅडमचा. कोणीतरी त्यांना कळवलंय की मला दमा आहे आणि मी तो लपवलाय. आज संध्याकाळपर्यंत खुलासा झाला नाही तर वेटिंगवरच्या मुलाला घेणार आहेत.

विजया : दमा? तुला? अगं, रांध्याच्या त्या कंपनीत दिवसभर धाग्याच्या मशिनांत असतेस, जिने चढतेस-उतरतेस, साधी शिंक नाही. कोण गो तो मेला? नाव काय सांगितलं?

मृणाल : नाव नाही. ‘एक हितचिंतक’ म्हणाला.

विजया : कंपनीतलाच असणार. तो विकी. तुझ्या प्रमोशनच्या वेळेपासून जळतोय.

मृणाल : मलाही आधी विकीच वाटला. दुपारपर्यंत त्याला काय काय बोलले मनात! जेवायच्या सुट्टीत त्याच्याशी भांडायला गेले पण होते. तो म्हणतो, मॅडम कसम से, मैं तो खुश हूँ, आप जाओगे तो केबिन मेरेको मिलेगा.

विजया : मग कोण?

मृणाल : मी कामत मॅडमना परत फोन केला. विचारलं, तो माणूस नक्की काय म्हणाला? त्यांना ते वाक्य लक्षात राहिलं होतं. म्हणाल्या, इतक्या वर्षांत असं बोलणारा भेटला नव्हता. ‘तिच्या फुप्फुसांत एक जुना वैरी दबा धरून बसला आहे.’ आई, आमच्या कंपनीत असं कोण बोलतं?

विजया : अहो.

मृणाल : प्रकरण सहा. पुढच्या यानात सुबोधची जागा असते. ती अशाच एका फोनने जाते. त्याचा दुष्ट मित्र ‘हितचिंतक’ म्हणून फोन करतो आणि डॉक्टरांना हेच वाक्य सांगतो. हेच, शब्दाला शब्द.

विजया : अहो, पंख्याकडे काय बघताय? माझ्याकडे बघा.

भास्कर : डांग्या खोकला झाला होता तिला. पहिलीत असताना. रात्ररात्र खोकायची.

विजया : त्या डांग्या खोकल्याचा तुम्ही दमा केलात?

भास्कर : मी फक्त त्यांना सावध केलं. सरकारी मोहीम आहे, उद्या काही झालं तर?

विजया : स्वतःच्या लेकीची चुगली! आणि तीही जुन्या पुस्तकातून उतरवून! निदान नवीन वाक्य तरी रचायचंत.

भास्कर : घाईत सुचलं नाही.

मृणाल : आई, त्यांना विचार, त्या दुष्ट मित्राला त्यांनी शेवटी काय शिक्षा दिली.

विजया : काय दिली?

मृणाल : घुमटाबाहेर काढला. हेल्मेट न घालता.

विजया : बरोबर केलंत. आता माझं ऐका. दोघंही. मी बावीसची होते, नुकतं लग्न झालेली. वेंगुर्ल्याच्या स्टँडवर दादा, माझे वडील, मला सोडायला आले होते. सिल्वासा कुठे आहे ते आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हतं. नकाशात बघू बघू म्हणता राहून गेलं. तुमच्या अरुंधतीला निदान ट्रेनिंग दिलं होतं. मला काय दिलं? एक ट्रंक. इथे आले तर भाषा वेगळी, मासळी वेगळी. नळाला पाणी कधी येतं ते विचारायचं तर कुठल्या शब्दांत? पहिलं वर्ष कसं काढलं ते माझं मला माहीत. मी तुमच्या टेबलावर चहा ठेवून जायचे, आणि तुम्ही तिथे बसून मंगळावर माणसाला एकटं कसं वाटेल ते लिहीत असायचात.

भास्कर : विजया, तू कधी बोलली नाहीस.

विजया : तुम्ही कधी टेबलावरून मान वर केली नाहीत. थांबा, माझं व्हायचंय. दादा त्या दिवशी रडले. रुमाल लावून वगैरे नाही. मोठ्याने, भर स्टँडवर, लहान पोरासारखे. कंडक्टरने घंटी मारायची सोडून त्यांना पाणी दिलं. मला तेव्हा लाज वाटली. पण इथे ज्या दिवशी जीव नकोसा व्हायचा ना, त्या दिवशी मला तेवढंच आठवायचं. माझ्यासाठी कोणीतरी चार माणसांत रडलं होतं. त्याच्यावर राहिले मी इथे. आणि एक सांगते, ते रडले, पण त्यांनी बसच्या चाकाखाली दगड नाही लावला.

मृणाल : आई…

विजया : मी हंसाबेनकडे जातेय. तुमचं तुम्ही बोला आता. तुरीचे दाणे झाकून ठेव गो.

(विजया जाते. दार जरा जोरात लागतं.)

भास्कर : विजया, तिला सांग…

मृणाल : आई गेली, बाबा.

भास्कर : हो. गेली.

मृणाल : का केलंत असं?

भास्कर : मृणू, माझ्या सगळ्या कादंबऱ्यांत यान उडतं आणि पुढचं प्रकरण कसं सुरू होतं?

मृणाल : ‘चाळीस वर्षांनंतर’. सगळ्यांत तेच आहे. त्या वर्तमानपत्रात कौतुक आलं होतं ना, काळाची झेप म्हणून.

भास्कर : कसली झेप! यान उडाल्यावर त्याच संध्याकाळी अरुंधतीचा बाप घरी येतो. कुलूप काढतो. दारात तिच्या चपला असतात. त्याच्या पुढे मला लिहिताच येईना. तो आत जाऊन काय करेल? दिवा लावेल? जेवेल? किती दिवस नुसता कागदासमोर बसून होतो. शेवटी ‘चाळीस वर्षांनंतर’ असं लिहिलं आणि उठलो.

मृणाल : आणि ते कोरडे नेत्र?

भास्कर : छापल्यावर छान दिसतं ते.

मृणाल : मी ते स्टेजवर म्हटलं होतं, बाबा. मला खरं वाटलं होतं. मला वाटायचं, मी कुठेही निघाले तरी तुम्ही असेच ताठ उभे राहाल. म्हणून अर्ज भरताना मला तुमची भीतीच वाटली नाही. आईची वाटली होती.

भास्कर : मला वाटलं होतं, या घरात माझं कोणी वाचत नाही.

मृणाल : मीच तर वाचत होते. हे वेड आणखी कुठून लागणार? इथे मशीन बंद पडलं तर पॉलिस्टरचा धागा तुटतो. साहेब ओरडतो, आम्ही परत चालू करतो, संपलं. मला असं काहीतरी सांभाळायचंय की ज्याच्या जिवावर माणसं आहेत. बाहेर अंधार, बर्फ, आणि आत दिवे चालू आहेत, कारण मी जागी आहे. बाबा, मला भीतीपण वाटतेय. खूप वाटतेय. त्या अंधाराची. पण कोणाला सांगू? तुम्ही बोलतच नव्हता.

भास्कर : मला सांगायचंस.

मृणाल : आईमार्फत?

भास्कर : चुकलं माझं. फार वाईट चुकलं.

मृणाल : हा घ्या फोन. कामत मॅडमचा नंबर लावलाय. मराठी बोलतात त्या.

भास्कर : आत्ता? काय सांगू?

मृणाल : जे आहे ते. आणि प्लीज, साधं बोला. वैरी, फुप्फुसं काही नको.

भास्कर : रागावतील त्या.

मृणाल : रागावू देत. रिंग जातेय.

भास्कर : हॅलो. नमस्कार. कामत मॅडम का? मी सिल्वासाहून भास्कर पेडणेकर बोलतोय. मृणालचा बाप… हो, तीच. मॅडम, परवाचा तो फोन मी केला होता… हो, मीच… नाही हो, दमा नाही. काही नाही तिला. लहानपणी खोकला झाला होता, तो बराही झाला. तुम्ही पुन्हा तपासा हवं तर… का म्हणजे? ती जायला नको होती मला, म्हणून. दुसरं काही कारण नाही… हो, बोला. तुम्ही बोलाल ते खरंच आहे… शिक्षक होतो मी, मॅडम. आता रिटायर… काय? घरच्यांची हरकत आहे का? आहे ना. माझी आहे. ती निघाली तरी असणार आहे… नाही, नाही, तिला थांबवू नका त्यासाठी. ती येतेय.