एकशे बारावं पान

काकू : अगं, सगळं कपाटच ने की! तुझे सर गेल्यापासून धूळ खात पडलीत ही पुस्तकं.

प्रशिक्षक : नको हो काकू. पुस्तकं वाचून कुणी संघ चालवतं का? सकाळी मी आमच्या कर्णधाराला सगळ्यांसमोर नको नको ते बोलले. आता ती पोर हॉकीच सोडते म्हणतेय. सरांचं बरं होतं, त्यांना माणसं सांभाळायची अक्कल उपजतच होती.

काकू : उपजत? लग्न झालं तेव्हा नुसता जमदग्नीचा अवतार होता! हे घे, निळ्या पुठ्ठ्याचं. संघ कसा घडवावा, माणसं कशी जोडावीत, असलं काहीबाही आहे. अठरा वर्षं हे एकच वाचत होते.

प्रशिक्षक : अठरा वर्षं? एकच?

काकू : एक पान वाचायचं आणि मैदानावर ते जमेपर्यंत पुढचं उलटायचं नाही. मी म्हणायचे, अहो, एवढ्यात लोक डॉक्टर होतात!

प्रशिक्षक : अगं बाई! प्रत्येक पानावर दोन तारखा... 'घेतलं', 'जमलं'. 'आधी समोरच्याचं ऐकून घ्या', याला चौदा महिने लागलेत!

काकू : त्या चौदा महिन्यांत मी काय सोसलं, ते मला विचार.

प्रशिक्षक : अंगावर काटा आला बघा, काकू. आम्हाला वाटायचं, सर कधी चिडतच नाहीत. आणि ते बिचारे एकेक पान गिरवत होते... पण एकशे बाराव्या पानावर एकच तारीख आहे. जमल्याची नाहीच.

काकू : काय आहे त्या पानावर?

प्रशिक्षक : 'चारचौघांत दुखावलंत, तर माफीही चारचौघांत मागा.' खाली सरांचं अक्षर. 'गोलकीपरला संघासमोर भित्री म्हणालो. माफी मागितली, पण जिन्यात, एकटीला गाठून. जमलं नाही.' काकू... गोलकीपर मीच होते.

काकू : तुझी माफी मागितली होती त्यांनी?

प्रशिक्षक : हो ना! एवढा मोठा माणूस! मी केवढी हरखले होते. मला ती पुरली होती हो. त्यांनाच पुरली नाही. नऊ वर्षं झाली याला, पुढचं पान उलटलंच नाही त्यांनी!

काकू : दर वर्षी म्हणायचे, यंदा सगळ्यांना बोलावतो आणि बोलून टाकतो. धीरच व्हायचा नाही. अगं, रडतेस काय अशी? आणि फोन कुणाला लावतेस?

प्रशिक्षक : (फोनवर) हॅलो? ठेवू नकोस गं, बाळा. नाही, फोनवर माफी नाही मागत. उद्या सरावाला ये. खेळू नकोस, नुसती उभी राहा. मला सगळ्यांसमोर बोलायचंय.