लेकाची सुई

लेकाचं इंजेक्शन स्वतःला टोचून घ्यायला आलेली आई तुम्ही कधी पाहिलीत का? मी पाहिली. १९६५ सालच्या आसपास मी सारंगखेड्याकडे दवाखान्यात नर्स होते. तिथल्या एका सुनेची दोन मुलं पोटातच गेली होती, म्हणून सासू लेकासाठी दुसरी बायको शोधत होती. डॉक्टरांनी सुनेचं रक्त तपासायला पाठवलं, तर गरमी, म्हणजे सिफिलिस, निघाली. मी सासूला म्हटलं, "जंतूंचा आजार आहे. हिला सुया देऊ, पण तुमच्या मुलालाही घ्याव्या लागतील."

दुसऱ्या दिवशी सासू एकटीच आली आणि बाही वर करून बसली.

"तो वावरमा शे. त्यानी सुई माले टोची दे."

"अहो, त्याची सुई तुम्हाला कशी चालेल?"

"मी त्यानी माय शे. त्याना अंगमा मन्हंच रगत शे ना?"

मी चक्रावलेच. शेवटी सरळ सांगितलं, "इथे रक्ताचं नातं कामाचं नाही. हा रोग नवरा-बायकोत लागतो. तुमच्या सुनेला तो तुमच्या लेकाकडून आलाय."

तिनं बाही खाली केली.

"बाई, मन्हा बी तीन लेकरे पोटमाच गयात. मंग घरमा सवत उनी."

ती उठली, दारापर्यंत गेली आणि तिथून वळून म्हणाली,

"सवतना बी दोन गयात. मंग तवय सुई कोणले टोचाले पाहिजे व्हती?"