अठ्ठेचाळीस किलोंची जागा

बॅटरीवाली : काकू, हात नका लावू. काका, तुम्हीही लांब व्हा. मी काढते गाडीवरून.

बायको : अगं, रोज उचलतो आम्ही. होडीतून काढायच्या, घरी न्यायच्या, चार्जिंगला लावायच्या, सकाळी परत होडीत. खांद्यांचा पार खुळखुळा झालाय.

बॅटरीवाली : आणि दोन्ही मेल्या?

बायको : एक मेली. दुसरी आचके देतेय. काल पाव पोचवून परत येत होते, तर तळ्याच्या मध्यावर मोटर बंद. तिथून वल्ही मारत आले. तू मला अशाच दोन नव्या दे. शंभर-शंभर अँपिअर-तासांच्या.

बॅटरीवाली : देते. आधी या जुन्या काट्यावर ठेवते, आतल्या शिशाला भंगारात भाव असतो. ही तीस. ही पण तीस. काकू, साठ किलो शिसं घेऊन फिरताय तुम्ही तळ्यात!

बायको : वजन असलं म्हणजे दम असतो. हलक्या वस्तूवर माझा विश्वास नाही. अहो! तुम्ही काट्यावर काय करताय? तुम्हाला भंगारात घालायला नाही आणलं मी.

नवरा : काही नाही. सहज. सत्त्याण्णव! वा!

बायको : त्यात हसण्यासारखं काय आहे?

नवरा : एकशे चार होतो.

बायको : ऐकलंस पोरी? सात किलो! हा माणूस बेकरीवाला. भट्टीतला पहिला पाव लोणी लावून पोटात गेल्याशिवाय दुकान उघडायचा नाही. आता दीड महिना झाला, लोण्याला बोट लावत नाहीत. अर्ध्या ताटावरून उठतात. पँटीला सुतळी बांधून फिरतात. विचारलं तर म्हणे भूक नाही. डॉक्टरकडे चला म्हटलं तर म्हणे बघू. इथे माझ्या डोळ्याला डोळा नाही, देव जाणे काय निघेल म्हणून, आणि हे काट्यावर उभे राहून वा म्हणतायत!

नवरा : अगं, रडतेस काय? मला काहीही झालेलं नाही.

बायको : मग हे काय आहे?

नवरा : मुद्दाम करतोय.

बायको : मुद्दाम? या वयात? कुणाला दाखवायचंय?

नवरा : होडीला.

बॅटरीवाली : होडीला?

नवरा : हिच्या होडीवर पत्रा ठोकलाय बघ. दोनशे वीस किलोंच्या वर भरू नये. ही पंचावन्न. मोटर पंधरा. पावाचे क्रेट चाळीस. बॅटऱ्या साठ. उरले किती?

बॅटरीवाली : पन्नास.

नवरा : तर मी त्या पन्नासात बसायला बघतोय.

बॅटरीवाली : काका! पन्नास किलोंचे होणार तुम्ही? हाडंच तेवढी भरतील की तुमची!

नवरा : मला घाई नव्हती.

बायको : पण कशाला? होडीत बसून करायचंय काय तुम्हाला?

नवरा : काय करायचंय म्हणजे? तू रोज येऊन सांगतेस. पलीकडच्या काठावरची ती म्हातारी, तिला तळाशी करपलेलाच पाव लागतो. त्या जुळ्या बहिणी, गरम पाव गालाला लावून उभ्या राहतात. तो होड्या रंगवणारा, त्याचं अजून लग्न जमत नाही. मी ऐकतो आणि पीठ मळतो. म्हातारीसाठी एक पाव भट्टीत मुद्दाम मागे ठेवतो. अकरा वर्षं झाली. एकाचंही तोंड पाहिलेलं नाही मी.

बायको : रस्त्याने जाऊन यायचं होतं एकदा.

नवरा : रस्त्याला अख्खा दिवस जातो. भट्टी कुणी बघायची? आणि मला नुसतं तिथे जायचं नाहीये. तुझ्याबरोबर जायचंय. तू जातेस तसं.

बायको : मग तोंडाला काय झालं होतं? सांगायचं!

नवरा : सांगितलं असतं तर तू दुसऱ्याच दिवशी एक बॅटरी घरी ठेवून मला बसवलं असतंस. आणि आपण दोघं मध्येच अडकलो असतो.

बायको : बसवलं असतं. अगदी बसवलं असतं. शहाणे आहात मोठे.

बॅटरीवाली : बरं, डोळे पुसा काकू, आणि माझं ऐका. बारीक काकांनी कशाला व्हायचं? बॅटरीलाच करू की बारीक.

नवरा : म्हणजे लहान घ्यायची? पन्नासाच्या दोन?

बॅटरीवाली : वजन निम्म्यावर येईल. पण वीजही निम्मीच भरणार. जाताना मोटर, येताना वल्ही.

बायको : नको गं बाई. आणि ती जेलवाली असते ती? तिच्यात पाणी घालावं लागत नाही म्हणतात.

बॅटरीवाली : पाण्याची कटकट जाते, वजन नाही जात. आत शिसंच आहे. शिसं आहे तोवर तिसाची तीसच राहणार. ही उचला. काका, तुम्ही उचला.

नवरा : ही? अरे! रिकामी आहे का?

बॅटरीवाली : भरलेली आहे. लिथियमची. शंभराचीच आहे, पण बारा किलो.

बायको : बारा? पिठाची पिशवी यापेक्षा जड असते. मला फसवू नकोस हं.

बॅटरीवाली : काकू, शिशाची बॅटरी शंभराची असली तरी वापरायची निम्मीच. त्याखाली रोज उतरवली की ती लवकर मरते. तुमच्या अशाच मेल्या. म्हणून तर दोन लागायच्या. ही जवळजवळ तळापर्यंत वापरता येते. तुमची फेरी हिच्या एकटीवर होईल.

बायको : एकटीवर? दुसरी नकोच?

बॅटरीवाली : नकोच. महाग आहे, खोटं नाही बोलणार. चार्जरही हिचा वेगळा घ्यावा लागेल, जुना हिला चालत नाही. पण शिशाच्या दोन-तीन जोड्या संपतील तरी ही चालत राहील.

बायको : दीड महिन्याचं लोणी वाचलंय, तेवढा हातभार.

नवरा : थांबा. साठ गेले, बारा आले. म्हणजे अठ्ठेचाळीस सुटले. आधीचे पन्नास. अठ्ठ्याण्णव!

बॅटरीवाली : आणि तुम्ही?

नवरा : सत्त्याण्णव! बघ, एकशे चार राहिलो असतो तर बसलो नसतो. माझी उपासमार फुकट नाही गेली.

बायको : उतरा त्या काट्यावरून आणि चला घरी. आधी लोणी-पाव खा माझ्यासमोर.

बॅटरीवाली : काकू, हिशेब एका किलोवर आलाय. तुम्ही पहिल्या दिवशी एक क्रेट कमी न्या, म्हणजे जिवाला घोर नको. मग काकांना खाऊ दे लोणी.

(तीन दिवसांनी, सकाळी. तळ्याचा धक्का.)

बॅटरीवाली : काका, पुढे नका बसू. मागचं साठ किलो शिसं गेलंय, आता मागे काकू आणि ही बारकी बॅटरी. तुम्ही पुढे बसलात तर होडीचं नाक पाण्यात जाईल. मध्ये बसा. अगदी मध्ये.

नवरा : इथे?

बॅटरीवाली : तिथेच. जॅकेटचा पट्टा लावा. आणि उभे राहू नका.

नवरा : उभा राहायची हिंमत आहे कुणात?

बायको : पोरी, बघ गं, पाणी कुठवर आलंय?

बॅटरीवाली : होडीवरच्या भाराच्या खुणेच्या खाली आहे. वाराही नाही. सुटा बिनधास्त!

नवरा : सुटलो की काय? मोटर लागली? आवाज कसा नाही?

बायको : इतकाच असतो आवाज. काठ सोडा दोन्ही हातांनी धरलेला. होडी पळून जात नाही.

नवरा : एक सोडतो. दुसरा मग बघू.

बायको : भट्टीसमोर निखाऱ्यात हात घालणारा माणूस, आणि पाण्याला घाबरतो!

नवरा : निखारे जागेवर असतात. हे हलतंय. अगं, हे काय, मासे?

बायको : पाव घेऊन जाते ना, चुऱ्यासाठी मागे लागतात. टाका थोडा. त्यांना काय, पाव कुणाचा का असेना.

नवरा : बघ कसे आले! आवडला वाटतं. तू हे रोज बघतेस? आणि मला कधी सांगितलं नाहीस.

बायको : माशांचं काय सांगायचं?

नवरा : सगळं सांगायचं. ती मागे दिसते ती आपली बेकरी? एवढीशी?

बायको : एवढीशीच. परत येताना तिच्या धुराड्याकडे बघत येते मी. धूर दिसला की म्हणते, चला, आहेत.

नवरा : आणि नाही दिसला तर?

बायको : आजवर असं झालेलं नाही.

नवरा : आज दिसणार नाही. विझवून आलोय.

बायको : आज मला कुठे बघायचंय धुराड्याकडे! पुढे बघा तुम्ही. आला काठ.

नवरा : केवढी माणसं उभी आहेत गं. ती काठी घेतलेली, करपलेल्या पाववाली ना? आणि त्या दोघी, एकसारख्या! उंच झाल्यात की. मला वाटत होतं एवढ्या एवढ्या असतील.

बायको : अकरा वर्षं झाली हो.

नवरा : सगळे हात हलवतायत.

बायको : मग तुम्हीही हलवा.

नवरा : दोन्ही सोडले बघ हात. पण तुला हलवतायत ते. मला कोण ओळखतंय तिथे?

बायको : अहो, अकरा वर्षं मी तिथे उभी राहून तुमच्याशिवाय दुसरं बोललेय काय!